टीप मारताना खाली दोऱ्याचा गुंता होतोय? आधी वरचा दोरा बघा

शिवण शिकायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची कधी ना कधी ही तक्रार असते: वरून टीप बरी दिसते, कापड उलटं केलं की खाली नुसतं दोऱ्याचं जाळं. नवशिक्यांना शिकवताना हा एकच दोष मी कितीतरी मशिनींवर सोडवला आहे, आणि जवळजवळ दर वेळी समोरचा माणूस बॉबिनशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या चकरीशी, झटत बसलेला असतो. बॉबिन काढायची, पुन्हा घालायची, बॉबिन ज्यात बसते त्या डबीचा स्क्रू पिळायचा. गुंता खाली दिसतो, म्हणून दोषही खालीच शोधला जातो. प्रत्यक्षात खाली साचलेला तो दोरा बहुतेक वेळा वरच्या रिळाचा असतो. वर आणि बॉबिनमध्ये वेगवेगळ्या रंगाचे दोरे लावून एकदा टीप मारून बघा, लगेच कळेल.

म्हणून ही पोस्ट सगळ्यात सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून सुरू होते आणि हळूहळू अवघड गोष्टींकडे जाते. क्रम सोडू नका. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ बहुतेकांवर येतच नाही.

आधी लक्षणं नीट बघा

कापडाची सुलटी आणि उलटी, दोन्ही बाजू उजेडात धरा.

- खालच्या बाजूला सैल फासे किंवा जाळं, वरची बाजू ठीकठाक: वरच्या दोऱ्याला ताण नाही. ही सगळ्यात सर्रास तक्रार.
- टिपेच्या सुरुवातीला तेवढा गुच्छ, पुढे टाके व्यवस्थित: सुरुवात करायची पद्धत चुकते आहे, मशीन ठीक आहे.
- दोन-चार टाके पडतात, खट्‌ असा आवाज येतो आणि मशीन अडकतं, कापड सुटत नाही: दोरा एखाद्या ठिकाणी ओवायचा राहिला आहे, किंवा दोरा शटलमध्ये, म्हणजे बॉबिनच्या डबीभोवती फिरणाऱ्या भागात, शिरला आहे.
- बॉबिनचा दोरा वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसतो: वरचा ताण जास्त, किंवा बॉबिनचा ताण कमी.
- मध्येमध्ये टाके सुटतात: सुईकडे बघा.
- वरचा दोरा सारखा तुटतो, तुटलेलं टोक पिंजल्यासारखं असतं: सुईचं नेढं, जुना दोरा किंवा दोऱ्याच्या वाटेतली एखादी खरखरीत कड.

दोन लक्षणं एकत्र दिसली तरी घाबरू नका. एकच बोथट सुई टाकेही सोडते आणि दोराही तोडते.

अडकलेलं कापड सोडवताना

ओढू नका. कापड जोरात ओढलं की सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढच्या फेरीला प्लेटवर (सुईखालची भोकाची धातूची पट्टी) किंवा शटलवर आपटते. गुंत्याने मशीनचं सहसा काही बिघडत नाही. त्या ओढण्याने मात्र बिघडू शकतं.

विजेचं मशीन असेल तर आधी प्लग काढा. हातचाक हळूच स्वतःच्या दिशेने फिरवून सुई वर आणा. अडत असेल तर जबरदस्ती न करता थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर करा, सुईजवळचा वरचा दोरा कापा. मग कापड जेमतेम उचलता येईल तेवढं उचलून, कापड आणि प्लेटच्या मधले धागे बारीक कात्रीने एकेक करून कापा. कापड सुटलं की बॉबिन डबीसकट बाहेर काढा आणि शटलभोवती गुंडाळलेले तुकडे चिमट्याने वेचा. एखादा इंचभर तुकडाही आत राहिला तर पुढचा गुंता तिथूनच सुरू होतो, म्हणून हातचाक दोन-तीन वेळा पूर्ण फिरवून सगळं मोकळं झालंय ना, हे बघा.

गुंता होतो कसा

हे समजलं की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप पटते.

घरगुती मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. टोकाला नेढं असलेली सुई आणि दुसरा दोरा पुरवणारं शटल, या जोडीचं पेटंट एलायस हाव यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत घेतलं. मशीन कितीही नवं असो, साधी टीप आजही दोन दोऱ्यांच्या त्याच तत्त्वावर पडते. सुई कापडातून खाली जाते. वर यायला लागली की नेढ्याजवळ दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. शटलचं टोक तो फासा पकडतं, मोठा करतं आणि बॉबिनच्या अख्ख्या डबीभोवती फिरवतं. बॉबिनचा दोरा अशा रीतीने त्या फाशात अडकतो.

आता विचार करा, डबीभोवती फिरायला दोरा किती लागत असेल. टाका दोन-अडीच मिलिमीटरचा, पण त्यासाठी खाली जाणारा दोरा त्याच्या कितीतरी पट असतो. हा जास्तीचा दोरा परत वर ओढायचं काम मशीनच्या पुढच्या बाजूला वर-खाली होणारा दांडा करतो, त्याला टेक-अप लिव्हर म्हणतात. लिव्हर वर जातो तेव्हा टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांनी दोरा घट्ट धरलेला असावा लागतो. तो धरलेला असेल तर रिळाकडून दोरा सहज येत नाही, लिव्हर खालचा सैल फासा वर खेचून घेतो आणि टाका कापडाच्या मधोमध बसतो. चकत्यांनी दोरा धरलाच नसेल, तर लिव्हरला रिळाकडून नवा दोरा ओढणं सोपं पडतं. खालचा फासा तसाच राहतो. पुढच्या टाक्याचाही तिथेच राहतो. दहा-बारा टाक्यांत जाळं तयार.

पहिली तपासणी: दोरा काढा, प्रेसर फूट वर करा, पुन्हा ओवा

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच संपतात, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

प्रेसर फूट वर केला की टेन्शनच्या चकत्या उघडतात, खाली केला की मिटतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या आत न शिरता त्यांच्या कडेवर बसून राहतो. बाहेरून बघणाऱ्याला दोरा अगदी बरोबर ओवलेला दिसतो. शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त हेच फसवतं: "मी पुस्तकातल्या चित्राप्रमाणेच ओवलाय." वाट बरोबर असतेही, पण दोरा चकत्यांच्या आत नसतो.

तर असं करा. वरचा दोरा रिळाजवळ कापा आणि सुईच्या बाजूने ओढून काढा. उलट्या दिशेने, म्हणजे रिळाकडे ओढू नका, धाग्याची लव चकत्यांत अडकते. मग हातचाक फिरवून टेक-अप लिव्हर सगळ्यात वर आणा, म्हणजे सुईही वर येते. प्रेसर फूट वर करा. आता दोरा ओवा. चकत्यांमधून नेताना एका हाताने दोरा रिळाजवळ धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने खाली ओढा, म्हणजे तो आत नीट बसतो.

पुढे लिव्हर. लिव्हरच्या भोकातून किंवा फटीतून दोरा गेलाच पाहिजे. तो सुटला असेल तर जास्तीचा दोरा परत ओढणारं कोणीच उरत नाही आणि मशीन पाच-सहा टाक्यांत जाम होतं. काही मशिनींत लिव्हर आवरणाच्या आत लपलेला असतो. तिथे दोरा फटीत वरपर्यंत नेऊन परत खाली आणायचा, आणि लिव्हरच्या आकड्यात तो खरंच अडकलाय का, हे वाकून बघायचं.

सुईत ओवण्याआधी ही परीक्षा घ्या. फूट वर असताना दोरा ओढा: सहज सरकला पाहिजे. फूट खाली करा, पुन्हा ओढा: स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल आला तर दोरा चकत्यांत नाही, पुन्हा ओवा. दोन्ही वेळा सारखाच घट्ट आला तर तो वर कुठेतरी अडकलाय. रिळाच्या कडेला दोरा अडकवायची खाच असते, ती बघा. दोरा सुटताना तिच्यात अडकत राहतो. खाच दुसऱ्या बाजूला येईल असं रीळ उलटं लावा. आडव्या खुंटीवर रीळ असेल तर पुढे लावायची टोपी रिळाच्या मापाची हवी. मोठा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं रीळ, खुंटीवर आडवा घालू नका. कोनाचा दोरा सरळ वरच्या दिशेने सुटायला हवा, म्हणून कोन मशीनच्या मागे उभा ठेवा आणि दोरा वरून आणा.

ही परीक्षा दर वेळी दोरा बदलल्यावर घ्यायची सवय लावा. काही सेकंदांचं काम आहे.

दुसरी: सुरुवात कशी करता

फक्त टिपेच्या सुरुवातीला गुच्छ होत असेल तर मशीनला हात लावू नका.

वरचा आणि खालचा, दोन्ही दोरे १० सेंटिमीटरभर बाहेर ओढून फुटाच्या खालून मागे घ्या. पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत ती टोकं बोटांनी धरून ठेवा. मोकळी टोकं पहिल्याच टाक्याला शटल खाली ओढून नेतं आणि त्यांचाच गुच्छ होतो. घाईत नवशिके हेच विसरतात.

कापडाच्या अगदी कडेपासून सुरू करू नका. कड प्लेटच्या भोकात ओढली जाते, पातळ कापडाची तर हमखास. कडेपासून सेंटिमीटरभर आत सुरू करा आणि उलट टाके मारून कडेपर्यंत या. नाहीतर आधी एखाद्या चिंधीवर टीप सुरू करून दोरा न तोडता तसंच मूळ कापडावर जा. पातळ, घसरत्या कापडासाठी मला चिंधीची पद्धत जास्त आवडते, कारण तिथे उलटे टाके मारतानाच गुंता होतो.

आणि प्रेसर फूट खाली आहे ना? विचारणं चमत्कारिक वाटेल, पण जाड कापडाच्या घड्या फुटाखाली असतात तेव्हा तो वरच राहिलेला लक्षात येत नाही. फूट वर म्हणजे चकत्या उघड्या, म्हणजे ताण शून्य. दोन टाक्यांत जाळं होतं.

पायमशीनवर शिकणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पाय थांबवताना किंवा सुरू करताना चाक उलटं फिरतं, आणि उलट्या फेऱ्यात शटल दोरा चुकीच्या दिशेने ओढून गुंतवतं किंवा तोडतं. चाकाची वरची बाजू नेहमी तुमच्याकडे यायला हवी. सुरुवातीला हाताने चाकाला गती द्या आणि मगच पावलं चालवा. दोरा आणि कापड न लावता, फूट वर ठेवून, नुसतं चाक एका दिशेने फिरवत राहायचा सराव करा. पायांना ती लय सापडली की गुंत्याचं मोठं कारण संपतं.

टाक्याची लांबीही बघा. ती शून्यावर असेल, किंवा कापड पुढे सरकवणारे दाते खाली केलेले असतील, तर कापड जागेवरच राहतं आणि एकाच ठिकाणी टाक्यांचा ढीग होतो. सरावासाठी २.५ मिलिमीटर ठेवा.

तिसरी: सुई बदला

सुई ठीक दिसते म्हणून ठीक नसते. साधारण आठ तास शिवण झालं की सुई बदलावी, असा सर्रास सल्ला दिला जातो. टाचणीवर एकदा जरी आपटली असेल तर लगेच बदला. सुई काचेवर सपाट बाजूने ठेवा. सुई आणि काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसत नसेल तर ती वाकली आहे.

सुई इतकी महत्त्वाची का? नेढ्याजवळ तयार झालेला फासा शटलच्या टोकाने पकडायचा असतो, आणि त्या दोघांमधलं अंतर जेमतेम केसाएवढं असतं. सुई जरा वाकली, जरा खाली बसली, किंवा उलटी लागली की शटल फाशाच्या शेजारून निघून जातं आणि टाका सुटतो. शिवाय दोऱ्याचा तोच तुकडा टाक्यात बसण्याआधी नेढ्यातून पुष्कळदा खाली-वर जातो. नेढं खरखरीत असेल तर तेवढ्या वेळा तो घासला जातो.

सुई लावताना पूर्ण वर ढकला आणि मग स्क्रू आवळा. घरगुती सुईच्या जाड भागाची एक बाजू सपाट असते. तिच्या उलट बाजूला लांब खोबण असते. दोरा नेहमी खोबणीच्या बाजूने नेढ्यात जातो. समोरून मागे दोरा ओवायचं मशीन असेल तर सपाट बाजू मागे. काही जुन्या मशिनींत दोरा बाजूने ओवतात, तिथे सुईच्या वरची शेवटची दोरा-कडी ज्या बाजूला आहे तिकडे खोबण आणि पलीकडे सपाट बाजू. गोल दांड्याच्या सुया कारखान्यातल्या मशिनींच्या असतात, त्या घरगुती मशीनला लावू नका. पाकिटावर एचएx१, १५x१ किंवा १३०/७०५ एच असं लिहिलेलं असेल तर ती घरगुती सपाट दांड्याची सुई.

आकड्यांचं गणित सोपं आहे. ९०/१४ मधला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. पातळ कापडाला ७०/१० किंवा ७५/११, रोजच्या सुती कापडाला ८०/१२ किंवा ९०/१४, जीनसारख्या जाड कापडाला १००/१६. ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडावर टाके सुटत असतील तर गोल टोकाची सुई लागते, ती धागे न तोडता त्यांच्यामधून जाते. बाकी मशीन तिथे निर्दोष असतं, म्हणून हे आधी तपासा.

दोरा नेढ्याला जाड होतोय का, हे बघायची एक युक्ती: सुटी सुई हातभर दोऱ्यात ओवा, दोरा तिरका ताणून धरा. सुई स्वतःच्या वजनाने खाली घसरली पाहिजे. अडली तर सुई एक आकडा मोठी घ्या किंवा दोरा बारीक घ्या.

चौथी: दोरा

दोन्ही हातांत दोरा धरून ताणा. सहज तुटला तर टाकून द्या, कितीही भरलेलं रीळ असो. वर्षानुवर्षं पडून राहिलेला सुती दोरा सुकतो आणि कमजोर होतो. वर आणि बॉबिनमध्ये एकाच प्रकारचा, एकाच जाडीचा दोरा वापरा, निदान शिकत असताना तरी.

पाचवी: बॉबिन

आता खाली बघायला हरकत नाही.

बॉबिन हाताने गुंडाळलेली नको. मशीनच्या वाइंडरवर, त्याच्या छोट्या टेन्शन चकतीतून दोरा घेऊन, सारख्या गतीने भरा. बोटाने दाबल्यावर दोऱ्याचे थर मऊ लागत असतील किंवा एका बाजूला फुगवटा असेल तर ती पुन्हा भरा. सैल भरलेली बॉबिन शिवताना कधी सुटते, कधी अडते, आणि टाका एका ओळीतसुद्धा सारखा पडत नाही.

बॉबिन त्याच मशीनची आहे का, हे बघा. १५ क्लासची आणि एल क्लासची बॉबिन वरून सारखीच दिसते, दोन्हींचा व्यास २० मिलिमीटरच्या आसपास. पण पहिलीची उंची साधारण ११.७ आणि दुसरीची ८.९ मिलिमीटर. बुटकी बॉबिन उंच डबीत बसते, फिरतेही, पण आत डुगडुगते आणि टाके बिघडवते. मशीनबरोबर मिळालेल्या बॉबिनशी शेजारी ठेवून उंची जुळवा. प्लॅस्टिकच्या बॉबिनला तडा गेलेला असेल तर ती टाकून द्या.

डबीत घालताना दोरा डबीच्या खाचेतून आणून पातळ स्प्रिंगच्या खालून बाहेर काढायचा असतो. स्प्रिंगखाली न गेलेल्या दोऱ्याला ताणच नसतो. वरून बॉबिन ठेवायच्या बहुतेक मशिनींत दोरा ओढल्यावर बॉबिन घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरली पाहिजे. बाजूने डबी बसवायच्या मशिनींत दिशा मॉडेलप्रमाणे बदलते, मशीनच्या पुस्तिकेत चित्र असतं, तेच प्रमाण माना. डबी जागेवर बसताना टक्‌ असा आवाज येतो. तो आला नसेल तर डबी अर्धवट बसली आहे. तशाच डबीवर मशीन चालवलं तर सुई डबीवर आपटून तुटते, आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो.

सहावी: साफसफाई

प्लग काढा. सुई आणि फूट काढा, प्लेटचे स्क्रू सोडवा. आत दात्यांच्या मधे आणि शटलच्या खाली राखाडी लव दाबून बसलेली दिसेल. ब्रशने बाहेर काढा. तोंडाने फुंकू नका: श्वासातला ओलावा आत जातो आणि लव आणखी खोल ढकलली जाते.

दोन जागा सहसा विसरल्या जातात. एक, बॉबिन डबीच्या स्प्रिंगखाली: तिथे अडकलेला लवेचा कणसुद्धा स्प्रिंग उचलून धरतो आणि खालचा ताण नाहीसा होतो. घडी केलेल्या कागदाची कड स्प्रिंगखालून ओढा. दुसरी, वरच्या टेन्शन चकत्या: फूट वर करून एखाद्या जाड सुती दोऱ्याने किंवा पातळ चिंधीच्या पट्टीने दोन चकत्यांच्या मधून पुसून घ्या. धाग्याचा तुकडा तिथे अडकला असेल तर चकत्या पूर्ण मिटत नाहीत, मग दोरा कितीही बरोबर ओवा, ताण येत नाही.

तेल फक्त शिवणयंत्राचं, आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, थेंबभर. खाण्याचं तेल काही महिन्यांत चिकट होऊन घट्ट बसतं आणि मशीन जड चालायला लागतं. तेल दिल्यावर चिंधीवर भरपूर टिपा मारा, म्हणजे जास्तीचं तेल चांगल्या कापडावर येणार नाही.

सातवी: आता टेन्शनचं बटण

इथपर्यंतचं सगळं झालं असेल तरच. आधीच बटण फिरवलं तर मूळ दोष झाकला जातो, आणि दोरा नीट ओवल्यावर ते बटण पुन्हा चुकीचं ठरतं.

वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा लावा. नेहमीच्या सुती कापडाची दुहेरी घडी घ्या. ० ते ९ आकड्यांचं बटण असेल तर ४ वर ठेवा, बहुतेक कापडांना ३ ते ५ पुरतं. टीप मारून दोन्ही बाजू बघा. वरचा रंग खाली दिसतो, तर आकडा वाढवा. खालचा रंग वर दिसतो, तर कमी करा. एका वेळी अर्धा आकडा, आणि प्रत्येक बदलानंतर नवी टीप. जुन्या काळ्या मशिनींना आकडे नसतात, तिथे नट उजवीकडे फिरवला की ताण वाढतो. एका वेळी पाव फेरा.

बटण ८-९ पर्यंत नेऊनही खाली फासे राहत असतील तर बटणाचा काही दोष नाही. पहिल्या तपासणीकडे परत जा.

आठवी: बॉबिन डबीचा स्क्रू

इथे मी मनापासून सांगते, गरज नसेल तर हात लावू नका. आधी परीक्षा घ्या: भरलेली बॉबिन डबीत घालून दोऱ्याने डबी लोंबकळत धरा. डबी आपोआप खाली घसरत जाऊ नये. मनगटाला हलका झटका दिला की थोडी खाली येऊन थांबली पाहिजे. झटका देऊनही हलली नाही तर ताण जास्त, सरळ खाली गेली तर कमी.

बदलायचंच असेल तर आधी स्क्रूच्या खाचेची दिशा फोनवर टिपून ठेवा. खाली पांढरं कापड पसरा, कारण तो स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान असतो आणि पडला की सापडत नाही. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. वरून बॉबिन ठेवायच्या मशिनींत ही लोंबकळायची परीक्षा लागू होत नाही, त्यांचा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. तो तसाच राहू द्या.

नववी: ओरखडे

सुई पूर्वी कधी प्लेटवर आपटली असेल तर भोकाच्या कडेला बारीक खरखर राहते आणि दोरा तिथे तुटतो. कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा भोकाच्या कडेवरून फिरवा. धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे. प्लेट सुटी करून अगदी बारीक पॉलिश पेपरने तेवढीच जागा हलकेच गुळगुळीत करता येते, आणि नवी प्लेटही मिळते. शटलच्या टोकावर ओरखडा दिसला तर मात्र ते स्वतः घासू नका, टोकाचा आकार बदलला की टाका पकडणंच बंद होतं.

इथे थांबा, कारागिराला बोलवा

नवी सुई, पुन्हा ओवलेला दोरा, बरोबर बॉबिन, स्वच्छ शटल, मधल्या आकड्यावरचं टेन्शन, आणि तरीही साध्या सुती कापडावर टाके सुटतात किंवा जाळं होतं: घरी करण्यासारखं आता काही उरलेलं नाही. बहुधा सुई आणि शटल यांचा मेळ, म्हणजे टायमिंग, बिघडला आहे. सुई सगळ्यात खालून साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटर वर आल्यावर शटलचं टोक नेढ्याच्या किंचित वरून जायला हवं. हे मोजून, स्क्रू सोडवून पुन्हा बसवणं अनुभवाचं काम आहे. व्हिडिओ बघून ते स्क्रू सैल करू नका. एकदा मूळ जागा हरवली की कारागिरालाही सगळं सुरुवातीपासून जुळवावं लागतं.

यांपैकी काहीही दिसलं तर तपासण्यांची वाट न बघता थांबा: जळका वास, मोटर गुणगुणते पण चाक फिरत नाही, मशीनच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या, वायर उघडी पडलेली, पायाचं पायडल गरम होणं. प्लग काढून ठेवा आणि पुन्हा लावून बघू नका. दोरा-बॉबिन सगळं काढूनही हातचाक एका ठराविक जागी अडत असेल, सुई धरणारा दांडा हलवल्यावर डुगडुगत असेल, किंवा सुईचा तुटलेला तुकडा आत गेला आणि सापडत नसेल, तेव्हाही मशीन चालवू नका.

कारागिराकडे जाताना बिघडलेल्या टिपेचा नमुना, दोन रंगांचे दोरे लावलेला, सोबत न्या. कोणता रंग वरचा, हे कापडावर लिहून ठेवा. तुम्ही वापरता ते रीळ, भरलेली बॉबिन, डबी, सुयांचं पाकीट आणि ज्या कापडावर त्रास होतो त्याचा तुकडा, हेही द्या. काय काय बदलून बघितलंत ते क्रमाने सांगा. डबीच्या स्क्रूला हात लावला असेल तर तेही सांगा. दुरुस्ती झाल्यावर तिथेच, तुमच्याच दोऱ्याने आणि तुमच्याच कापडावर टीप मारून दाखवायला सांगा, आणि कापड उलटं करून बघा.